रुपयाने कमी येणारे व्याज: सीमाभागातील एका पतसंस्थेचे मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर स्थलांतर

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या पट्ट्यातली ही एक पतसंस्था. कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली नोंदलेली. मुख्य कार्यालय तालुक्याच्या गावी, शाखा आसपासच्या बाजारगावांत आणि एक बेळगाव शहरात. सभासद बहुतेक मराठी बोलणारे. पासबुक मराठीत, सहकार खात्याकडे जाणारी पत्रके कन्नडमध्ये आणि संगणकावरचा सगळा पडदा इंग्रजीत. इकडच्या कुठल्याही पतसंस्थेत डोकावलात तर थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

संस्थेचा कणा म्हणजे पिग्मी, रोज थोडे थोडे पैसे जमा करायची ठेव योजना. उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही योजना आणली आणि कर्नाटकात ती अशी रुजली की आजही बाजारातला भाजीवाला, पानपट्टीवाला, शिंपी रोज संध्याकाळी पिग्मी एजंटाची वाट पाहतो. एजंटाच्या हातात छोटे मशीन असते. दिवसभराची वसुली त्यात नोंदायची, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत येऊन ती चढवायची.

या सगळ्याच्या मागे मायएसक्यूएल ५.५ हा डेटाबेस आणि पीएचपी या भाषेत लिहिलेली प्रणाली होती. ती लिहिणारा प्रोग्रॅमर गावचाच. पुढे तो पुण्याला गेला, पण अडीअडचणीला फोनवर सापडायचा. प्रणाली वाईट नव्हती. व्याज बरोबर निघत होते, लेखापरीक्षण दरवर्षी पार पडत होते. मायएसक्यूएल ५.५ ला मिळणारा आधार मात्र डिसेंबर २०१८ मध्येच संपला होता आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे केव्हाच थांबले होते. लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला. त्याच सुमारास संचालक मंडळाने सभासदांसाठी मोबाइल अ‍ॅप घ्यायचे ठरवले, आणि अ‍ॅप देणाऱ्याने सांगितले की आमचे काम पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरच चालते.

आमच्या छोट्या गटाकडे काम आले ते असे. संस्था ओळखू येईल असे तपशील इथे गाळले आहेत. तांत्रिक गोष्टी जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

अडचण

वरवर पाहता काम दोन भागांचे होते. डेटा हलवायचा आणि क्वेरी, म्हणजे प्रोग्रॅम डेटाबेसला देतो त्या आज्ञा, बदलायच्या. डेटासाठी पीजीलोडर हे साधन आहे. ते मायएसक्यूएलमधली टेबले वाचून पोस्टग्रेसमध्ये तशीच उभी करते आणि ओळी भरते. प्रोग्रॅममधल्या क्वेरीला ते हात लावत नाही, तो भाग माणसानेच करायचा.

क्वेरींमधला फरक मोजायला बसलो तेव्हा यादी भराभर लांबली. टेबल-कॉलमच्या नावांभोवती मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक (`) लागतो, पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरण. मायएसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरणातला मजकूर म्हणजे साधा शब्द. पोस्टग्रेस तो कॉलमचे नाव समजतो आणि ‘खानापूर नावाचा कॉलम अस्तित्वात नाही’ असे उत्तर देतो. फंक्शनची नावेही वेगळी: इफनलच्या जागी कोअलेस, ग्रुप-कॉनकॅटच्या जागी स्ट्रिंग-अ‍ॅग, डेट-फॉरमॅटच्या जागी टू-चार. ‘लिमिट २०, १०’ असे लिहिता येत नाही, ‘लिमिट १० ऑफसेट २०’ असे लिहावे लागते.

हे सगळे कंटाळवाणे आहे, अवघड नाही. चुकले की पोस्टग्रेस तिथेच अडतो, ओळ क्रमांक देतो, आपण दुरुस्त करतो. या कामाचा अंदाज बांधता येतो, पैसे सांगता येतात, नव्या मुलाला बसवून करून घेता येते.

खरी अडचण वेगळ्या जातीच्या ओळींची होती. काही ओळी दोन्ही डेटाबेस बिनतक्रार चालवतात, पण उत्तर वेगवेगळे देतात. चूक दाखवली जात नाही, पडदा लाल होत नाही, छापील पत्रक नेहमीसारखेच दिसते. या प्रकरणात वेळ खाल्ला तो अशाच ओळींनी, म्हणून पुढचे लिखाण मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

पर्याय

मंडळापुढे चार वाटा मांडल्या होत्या.

पहिली, मायएसक्यूएलवरच राहून ८.० पर्यंत चढायचे. ५.५ वरून सरळ ८.० वर जाता येत नाही, ५.६ आणि ५.७ अशा पायऱ्या घ्याव्या लागतात. शिवाय ८.० ने काही नवे शब्द राखीव केले आहेत. त्यांत ‘ग्रुप्स’ आहे आणि ‘रँक’ही. संस्थेच्या बचत गटांच्या टेबलाचे नाव नेमके ‘ग्रुप्स’ होते. म्हणजे घर तेच राहिले तरी भिंती फोडाव्या लागणारच होत्या, फक्त कमी.

दुसरी, मारियाडीबी. मायएसक्यूएलच्याच मूळ कोडमधून २००९ मध्ये फुटलेली शाखा. क्वेरी जवळपास तशाच चालल्या असत्या. अ‍ॅपचा प्रश्न नसता तर मी याच वाटेने जा म्हटले असते.

तिसरी, तयार बँकिंग सॉफ्टवेअर विकत घ्यायचे. मंडळातल्या दोघातिघांचा कल तिकडे होता. दर शाखेमागे दरवर्षी येणारा खर्च आणि मराठी पासबुक व कन्नड पत्रके एकाच प्रणालीतून छापून घेण्याची खटपट पाहून तो मागे पडला.

चौथी, पोस्टग्रेस. परवान्याचा खर्च नाही, अ‍ॅपवाल्याची अट पूर्ण होते, हिशेबाच्या कामाला प्रणाली शिस्तीची आहे. शिस्तीची म्हणजे डेटा आणि क्वेरींतला ढिलेपणा खपवून घेत नाही. जुन्या प्रणालीत बारा-पंधरा वर्षांचा ढिलेपणा साचलेला होता.

मंडळाने चौथी वाट निवडली. माझ्या मते निर्णय योग्य होता, पण त्याचे कारण तांत्रिक नव्हते. अ‍ॅपवाल्याची अट होती म्हणून तो झाला. हे कागदावर स्पष्ट लिहून ठेवायला हवे होते. पुढे प्रत्येक अडचणीला ‘मग पोस्टग्रेस कशाला घेतलं?’ हा प्रश्न आला, आणि प्रत्येक वेळी उत्तर पहिल्यापासून मांडावे लागले.

डेटा हलवताना

पहिल्या चाचणीत तीन गोष्टी दिसल्या.

नावांची पार भेसळ झाली होती. जुन्या टेबलांची लिपी लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरती) आणि क्रमवारी स्वीडिश होती. मायएसक्यूएलची ही जुन्या काळची ठरलेली मांडणी. तिची सुरुवात स्वीडनमध्ये झाली, म्हणून सीमाभागातल्या सभासदांची नावेही इतकी वर्षे स्वीडिश नियमाने लावली जात होती. पीएचपी मात्र त्याच कॉलममध्ये युनिकोडचे बाइट टाकत आणि तसेच परत काढत होते. दोन्हीकडे चूक सारखीच, त्यामुळे पडद्यावर सगळे ठीक दिसायचे. पीजीलोडरने लॅटिन-१ हे लेबल खरे मानून रूपांतर केले, आणि मराठी-कन्नड नावांच्या जागी टोप्या-टिंबे घातलेली रोमन अक्षरे आली. उपाय ठरलेला आहे. जुन्या डेटाबेसच्या प्रतीवर तो कॉलम आधी निव्वळ बाइटांचा करायचा आणि मग त्यावर युनिकोडचे लेबल लावायचे. अडचण इतकीच की मधल्या काळात कोणीतरी जोडणीची लिपी सुधारली होती, त्यामुळे काही ओळी आधीपासून बरोबर होत्या. त्या वेगळ्या काढाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट खात्याच्या स्थितीची. एका अंकाच्या कॉलमात ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, २ म्हणजे निष्क्रिय असे होते. पीजीलोडर अशा कॉलमला हो-नाही प्रकारचा समजतो. शून्य म्हणजे नाही, बाकी काहीही म्हणजे हो. म्हणून सगळी निष्क्रिय खाती एका फटक्यात चालू झाली. चूक दाखवली गेली नाही. प्रत्येक कॉलममधल्या प्रत्येक किमतीची मोजणी आधी आणि नंतर करून ताडून पाहायची असे ठरवले होते, म्हणून सापडली. त्या कॉलमसाठी पीजीलोडरला वेगळा नियम लिहून दिला.

तिसरी, शून्य तारखा. जन्मतारीख माहीत नसली की जुनी प्रणाली शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस अशी तारीख ठेवायची. पोस्टग्रेस असली तारीख घेतच नाही. पीजीलोडर तिला नल, म्हणजे रिकामी किंमत, करतो. आम्हाला ते रास्त वाटले, म्हणून पुढे गेलो. या तारखा पुढे पुन्हा समोर आल्या.

निर्णयाचा पहिला टप्पा: एजंट दोनदा चढवतो तेव्हा

मशीनमधली वसुली शाखेत चढवताना नेट मध्येच गेले की एजंट पुन्हा बटण दाबतो. पावसाळ्यात तर हे रोजचेच. त्यासाठी जुन्या क्वेरीत ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ होते. नोंद आधीच असेल तर तिच्यावर नवी रक्कम लिही, असा त्याचा अर्थ.

पोस्टग्रेसमध्ये याला समांतर ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आहे, आवृत्ती ९.५ पासून. फरक एवढा की मायएसक्यूएलचे वाक्य टेबलावरच्या कुठल्याही युनिक कीला (जिची किंमत दोन नोंदींत सारखी असू शकत नाही असा कॉलम किंवा कॉलमांची जोडी) लागू होते. पोस्टग्रेसला मात्र कोणत्या कीचा संघर्ष ते नाव घेऊन सांगावे लागते. आमच्या पावत्यांच्या टेबलावर अशा दोन की होत्या. एक पावती क्रमांकाची, दुसरी खाते अधिक तारीख यांची.

मग कुठली सांगायची? प्रोग्रॅमर या नात्याने कुठलीही निवडता आली असती, चाचणी पास झाली असती. पण प्रश्न धंद्याचा होता. एकाच खात्यात एका दिवसात दोनदा पैसे घेतले जातात का? व्यवस्थापक म्हणाले, नाही. शाखेत बसलेल्या एजंटाला विचारले तर तो हसला. बाजारच्या दिवशी सकाळी थोडे आणि संध्याकाळी गल्ला मोजून थोडे, असे देणारे गिऱ्हाईक त्याच्याकडे कितीतरी होते.

मग जुन्या प्रणालीत काय होत होते? संध्याकाळची पावती सकाळच्या पावतीवर लिहिली जायची. सकाळचे पैसे डेटाबेसमधून गायब, एजंटाच्या वहीत मात्र जमा. महिनाअखेर वही आणि संगणक जुळले नाहीत की हिशेब विभाग व्हाउचर करून फरक भरायचा. हे इतकी वर्षे चालू होते आणि सगळ्यांनी त्याला ‘मशीनची चूक’ असे नाव देऊन सोडून दिले होते.

दोन मार्ग होते. जुने वागणे जसेच्या तसे उतरवायचे आणि दुरुस्ती नंतर करायची, किंवा आत्ताच खाते-तारीख ही की काढून फक्त पावती क्रमांक ठेवायचा. स्थलांतरात वागणूक बदलू नये हा नियम मी एरवी पाळतो, कारण नाहीतर जुळवणीत फरक स्थलांतराचा की सुधारणेचा हे कळत नाही. इथे नियम मोडला. व्हाउचरची नोंद असल्याने फरक ओळखता येत होता, आणि सभासदाच्या पैशाचा प्रश्न होता. मंडळाचा लेखी ठराव घेऊन की काढली.

याच कामात आणखी एक गोष्ट निघाली. जुना प्रोग्रॅम काही ठिकाणी मुद्दाम नोंद घालून पाहायचा, चूक आली तर ती गिळून पुढे जायचा. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार (एकत्रच पूर्ण व्हायच्या आज्ञांचा गट) चालू असताना एक चूक आली की तो पूर्ण व्यवहार रद्द धरला जातो, आणि मागे घेईपर्यंत पुढची एकही ओळ चालत नाही. या जागा शोधून एकेक बदलाव्या लागल्या.

निर्णयाचा दुसरा टप्पा: व्याज

सप्टेंबरअखेरची व्याज तरतूद दोन्ही डेटाबेसवर चालवून खातेनिहाय ताडायची, असे सुरुवातीलाच ठरले होते.

पहिल्याच फेरीत पोस्टग्रेस अडला. ‘पूर्णांक मर्यादेबाहेर’. सूत्र साधे होते: रक्कम × दिवस × दर ÷ ३६५००. जुन्या टेबलात रक्कम, दिवस, दर सगळे पूर्णांक, कारण पिग्मी पूर्ण रुपयांतच घेतात. पाच लाखांची ठेव, ३६५ दिवस, १२ टक्के. गुणाकार होतो २,१९,००,००,०००. पोस्टग्रेसचा साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. मायएसक्यूएल असा गुणाकार आपोआप मोठ्या पूर्णांकात करतो, म्हणून तिथे ही भिंत कधी लागलीच नव्हती.

गटातल्या एकाने रक्कम मोठ्या पूर्णांकात बदलली. चूक गेली, तरतूद पूर्ण झाली, सगळ्यांना हायसे वाटले. इथे खरे तर थांबून विचारायला हवे होते की या सूत्रात पूर्णांक आहेत तर भागाकाराचे काय होते.

जुळवणीचे पत्रक आले. बऱ्याच खात्यांत एका रुपयाचा फरक, काही थोड्या खात्यांत शेकड्यांचा. रुपयाच्या फरकाला पहिले स्पष्टीकरण सगळ्यांच्या तोंडी तयार होते: राउंडिंग. दोन वेगळ्या प्रणाल्या आहेत, पैसे वरखाली होणारच. मंडळाला तसे सांगून पुढे जायचे असे जवळजवळ ठरलेही होते.

हिशेब विभागातल्या मॅडमनी पत्रक घरी नेले होते. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “सर, राउंडिंग असतं तर कधी वर, कधी खाली गेलं असतं की. हे सगळं खालीच यायलंय.”

तिथेच पूर्ण उलगडा झाला. मायएसक्यूएलमध्ये भागाकाराचे चिन्ह वापरले की दोन पूर्णांकांचेही उत्तर दशांशात येते. पोस्टग्रेसमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो, दशांश भाग सरळ कापला जातो. दहा हजार रुपये, २०६ दिवस, ९ टक्के. मायएसक्यूएल ५०७.९४५२ काढतो आणि पुढे रुपयात पूर्ण करताना ५०८ होतात. पोस्टग्रेसने आधीच ५०७ वर कापलेले असते, पुढे पूर्ण करायला काही उरतच नाही. जिथे दशांश अर्ध्याहून कमी तिथे दोन्ही उत्तरे सारखी, जिथे जास्त तिथे पोस्टग्रेस रुपयाने कमी. म्हणून निम्म्याच्या आसपास खाती जुळत होती आणि उरलेली सगळी एकाच बाजूला झुकत होती.

सूत्र थोडे वेगळे, म्हणजे दिवस ÷ ३६५ आधी असे लिहिलेले असते, तर वर्षाच्या आतल्या प्रत्येक ठेवीवर व्याज शून्य आले असते आणि पहिल्या मिनिटाला बोंब झाली असती. गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी ही चांगली सवय, पण तिनेच इथे चूक लपवली. मोठ्या ठेवींवर तीच अडचण मोठ्याने ओरडत आली होती. आवाज बंद केला तेव्हा छोट्या ठेवींवरची गप्प राहिली.

दुरुस्तीचे दोन मार्ग. प्रत्येक सूत्रात भागाकाराआधी दशांशात रूपांतर करायचे, किंवा रकमेचे आणि दराचे कॉलमच दशांश प्रकारचे करायचे. पहिला मार्ग कमी हलवाहलवीचा, पण भागाकाराचे प्रत्येक चिन्ह सापडेलच याची हमी नाही. दुसरा मुळावरच घाव घालतो. आम्ही दुसरा घेतला. त्याचा एक किरकोळ त्रास झाला: ५० रुपयांच्या जागी सगळीकडे ५०.०० छापले जाऊ लागले आणि एजंटाच्या अरुंद पावतीवर ओळ मोडायला लागली. पावतीपुरता दशांश भाग काढून टाकला.

शेकड्यांच्या फरकाचे कारण शून्य तारखा. ज्येष्ठ नागरिकांना जास्त व्याज होते आणि अट अशी लिहिली होती की जन्मतारीख साठ वर्षांपूर्वीच्या तारखेच्या आधीची असावी. शून्य तारीख कुठल्याही तारखेच्या आधीचीच! म्हणून जन्मतारीख न दिलेला प्रत्येक ठेवीदार जुन्या प्रणालीत ज्येष्ठ नागरिक ठरत होता. नल झाल्यावर तो ज्येष्ठ राहिला नाही. नवी प्रणाली बरोबर होती, जुनी चूक. पण नियमात बसत नसले तरी ते व्याज लोकांना दिले गेले होते, पासबुकात छापले गेले होते. मंडळाने मागचे वसूल करायचे नाही असे ठरवले. पुढच्यासाठी त्या ठेवीदारांना आधार कार्ड घेऊन बोलावले. त्यांतले बरेचसे खरोखर साठीच्या पुढचे निघाले, ही वेगळी गोष्ट.

कधी हलायचे

मार्चअखेर अर्थातच नको. व्यवस्थापकांनी १ नोव्हेंबर सुचवला, राज्योत्सवाची सरकारी सुट्टी. कर्मचाऱ्यांनीच तो फेटाळला. बेळगावात त्या दिवशी एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि शहर शाखेतला माणूस मुख्य कार्यालयात पोहोचला नाही तर काम अर्ध्यावर राहायचे. शेवटी नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार घेतला. शुक्रवारी रात्री जुना डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवला, शनिवारी डेटा हलला, रविवारी शाखांनी ठरावीक खात्यांची पासबुके छापून पाहिली.

एक गोष्ट रविवारी दुपारी पकडली गेली. काही टेबले घाईत वेगळ्या मार्गाने, साध्या फायलींतून भरली होती. अशा वेळी पोस्टग्रेसमधला आपोआप वाढणारा क्रमांक पुढे सरकत नाही, तो १ वरच बसून राहतो. पहिल्याच नव्या सभासदाची नोंद ‘क्रमांक आधीच आहे’ म्हणून अडली. सगळ्या क्रमांक-मालिका शेवटच्या नोंदीच्या पुढे आणून ठेवल्या.

परिणाम

सोमवारी शाखा वेळेवर उघडल्या. पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या त्या बहुतेक वेगाच्या, आणि दोन-तीन इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) घातल्यावर त्या थांबल्या.

मग वसुली विभागातले अण्णा आले. थकबाकीची यादी घेऊन ते दर आठवड्याला फिरतात. यादी शेवटच्या हप्त्याच्या तारखेने लावलेली, पहिली पन्नास नावे छापलेली. त्यांचे म्हणणे, “यादीत सगळे बरे लोक आलेत. ज्यांनी एक हप्ता भरला नाही ते कुठं गेले?”

मायएसक्यूएल चढत्या क्रमात नल आधी ठेवतो, पोस्टग्रेस शेवटी. एकही हप्ता न भरलेल्या कर्जदाराची शेवटची तारीख नल असते. जुन्या यादीत ते डोक्यावर असायचे, नव्या यादीत ते शेवटच्या पानावर गेले, आणि शेवटचे पान कोणी छापत नव्हते. क्वेरीत ‘नल्स फर्स्ट’ एवढे दोन शब्द घातल्यावर यादी पूर्ववत झाली. सप्टेंबरच्या जुळवणीत हे का सापडले नाही? कारण तिथे आम्ही रकमा ताडल्या, क्रम नाही. दोन्ही याद्यांची बेरीज तंतोतंत सारखी होती.

असाच दुसरा प्रकार दैनिक तपासणीच्या पानावरचा. ‘यूजर’ नावाच्या टेबलातली माणसे मोजायची ओळ होती. पोस्टग्रेसमध्ये ‘यूजर’ हा राखीव शब्द आहे आणि अवतरणाशिवाय लिहिला तर तो सध्या जोडलेल्या वापरकर्त्याचे नाव देतो. मोजणी नेहमी १ यायची. पान हिरवे दिसायचे, कारण अट ‘शून्यापेक्षा जास्त’ एवढीच होती.

ग्रुप बायच्या, म्हणजे ओळींचे गट करणाऱ्या, क्वेरी मात्र सगळ्या आधीच अडल्या होत्या. मायएसक्यूएल ५.५ गटातल्या कुठल्याही एका ओळीची किंमत उचलून देतो. ‘शेवटचा व्यवहार’ या रकान्यात वर्षानुवर्षे कुठलातरी व्यवहार छापला जात होता. तिथे चूक घालवण्यासाठी डोळे झाकून सगळीकडे कमाल किंमत लावण्याचा मोह होतो. त्याने तारीख एका ओळीची आणि रक्कम दुसऱ्या ओळीची असे मिश्रण तयार होते. प्रत्येक पत्रकासाठी संबंधित माणसाला विचारून कोणती ओळ हवी ते ठरवले.

मोबाइल अ‍ॅप ठरल्यापेक्षा उशिरा, पण जोडले गेले. जुन्या संगणकावरचा मायएसक्यूएल फक्त वाचण्यापुरता ठेवला आहे.

वेगळे काय करता आले असते

जुना डेटाबेस हलवण्याआधी त्याच जागी कडक करता आला असता. मायएसक्यूएलच्या एसक्यूएल-मोड या सेटिंगमध्ये कडक तपासणी, पूर्ण ग्रुप बाय, शून्य तारखांना मनाई, दुहेरी अवतरणाचा प्रमाण अर्थ असे पर्याय एकेक करून चालू करता येतात. चाचणीच्या प्रतीवर ते आधी चालू केले असते तर निम्म्या अडचणी ओळखीच्या घरातच दिसल्या असत्या आणि जुना प्रोग्रॅमर त्या ओळखू शकला असता. अशाच कामाला पुन्हा बसायचे झाले तर सुरुवात तिथून.

क्वेरींची यादी आम्ही प्रोग्रॅममधून काढली. पण शाखांमध्ये एक्सेलमधून सरळ डेटाबेसला जोडलेली पत्रके होती, ती प्रोग्रॅममध्ये दिसणार कशी? महिनाअखेरीसकट महिनाभर मायएसक्यूएलची सर्वसाधारण नोंदवही चालू ठेवली असती तर प्रत्यक्ष चालणारी प्रत्येक क्वेरी हाती आली असती. डिस्क भरते म्हणून ती बंद ठेवली गेली. डिस्क स्वस्त होती.

जुळवणीत बेरजांबरोबर क्रम आणि पहिल्या पानावरच्या ओळीही ताडायला हव्या होत्या. आणि जुळवणीचे पत्रक तांत्रिक गटाआधी हिशेब विभागाकडे जायला हवे होते. एका बाजूला झुकलेला रुपया आमच्या डोळ्यांना दिसला नव्हता.

लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. मायएसक्यूएलची जुनी क्रमवारी रोमन लहान आणि मोठी अक्षरे एकच मानत होती. पोस्टग्रेस मानत नाही. शोधाच्या पडद्यांवर हे लगेच कळले. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बदलल्यापासून पत्त्यात शहराची निदान चार रोमन रूपे होतीच, आता ती आठ झाली. शोध आधी सगळे लहान अक्षरांत आणून करायचा, असे बदलले. पण पॅनच्या युनिक कीकडे लक्ष गेले नाही. जुन्या प्रणालीत तोच पॅन लहान अक्षरांत पुन्हा टाकला तर नोंद अडायची, नव्यात पहिले काही आठवडे अडत नव्हती. त्या काळात काही सभासदांची दोन-दोन खाती उघडली गेली. मोठ्या अक्षरांत रूपांतर केलेल्या पॅनवर युनिक इंडेक्स लावला की दार बंद होते, पण जोड्या असेपर्यंत तो इंडेक्स तयारच होत नाही. आणि जोडी मोडायची म्हणजे एका खात्यातले शेअर दुसऱ्यात वर्ग करायचे, त्याला सभासदाची सही आणि मंडळाचा ठराव लागतो. तोवर प्रवेशाच्या पडद्यावर पॅन आपोआप मोठ्या अक्षरांत होतो, आणि जोड्यांची यादी मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.